शेजारून आलेली पिठलं-भाकरी

मंगळवार, दिवेलागण

टीव्हीवर परदेशातल्या दंगलीतली तीच बस पुन्हा जळतेय. कालपासून तीच. माझी सुमन त्याच देशात सायकलनं फिरतेय. काल फोनवर म्हणाली, "आई, ती बस राजधानीतल्या एका चौकातली. मी लांब खेड्यात आहे. इथल्या बाईनं सायकल घरात घेतली, मला जेवू घातलं. लोक महागाईवर चिडलेत, माझ्यावर न्हाय. टीव्ही बंद कर की."

पटलं होतं मला. मग आज दिवसभर फोन का लागत नाही? तिथलं इंटरनेट बंद केलंय, असं बातम्यांच्या तळाशी एकदाच लिहून आलं. बस मात्र जळतेच आहे. कुणावर विश्वास ठेवू? लेकीवर ठेवायचा तर तिचा आवाज तरी ऐकू येऊ दे.

मघाशी शेजारच्या शालनवहिनी झाकलेलं ताट घेऊन आल्या. पिठलं-भाकरी. "आज तुझ्या हातनं कुठला स्वैपाक व्हतोय? टीव्हीवर बघितलं की आमी."

हे गेले त्या दिवशी असंच ताट त्यांनीच आणलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून.

"वहिनी, न्या ते परत. माझी लेक जित्ती हाय."

"अगं बया, मी तसं न्हाय गं..." म्हणत त्याच रडायला लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनीही तीच बस पाहिली.

त्या गेल्यावर गॅस पेटवला, भात टाकला. घशाखाली उतरणार नाही, ठाऊक आहे. पण आज या घरात चूल पेटलीच पाहिजे.