काकूंच्या गाडीचं डावं चाक

मंगळ., ४ फेब्रु.

आमच्या बापलेकीच्या गॅरेजचं शटर वर करते तोच पिंपळगावहून एक बाई गाडी घेऊन हजर. सुनंदाकाकू. साठीच्या आसपास, साडीवर स्वेटर, पायात बूट. गावातल्या बायकांना द्राक्षाच्या पॅकहाउसला न्यायचं-आणायचं काम स्वतः करतात. जुनी सात सीटची गाडी. नवरा गेल्यावर शिकल्या म्हणे, पन्नाशी ओलांडल्यावर.

तक्रार: "गाडी थांबता थांबता थांबत नाय." जोरात असताना नाही, अगदी हळू झाल्यावर. पायाखाली खर्रर्र होतं आणि गाडी पुढं सरकते. दोन गॅरेजवाल्यांनी पाहिली, काही नाही म्हणाले. एकाने वर विचारलं, ब्रेकऐवजी क्लचवर पाय पडतो का.

मग खालच्या आवाजात बाकीचं. जानेवारीत पॅकहाउसच्या उतारावर गाडी अशीच सरकली. समोर मंदा क्रेट लावत होती, रोज त्यांच्याच गाडीतून येणारी. क्रेटची थप्पी आणि बंपर यांच्यात तिचा पाय सापडला. हाड मोडलं. अजून प्लास्टर आहे. "कुणाकडं गेली नाय ती तक्रार घेऊन. म्हणाली, काकू, व्हतं असं." हे सांगताना काकू माझ्याकडे नाही, बॉनेटकडे बघत होत्या.

एबीएसचा दिवा चावी फिरवली की लागतो, मग विझतो. म्हणजे यंत्रणा स्वतःला ठीक समजते. स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड नाही. आप्पा आडगावपर्यंत जाऊन आले, नंतर मीही. साठ-सत्तरला नेऊन कचकचून ब्रेक. गाडी जागच्या जागी उभी.

ठेवून घेतली. काकू एसटीने गेल्या.

बुध., ५

काकूंच्या मुलाचा फोन. निलेश. "ताई, गाडीत काही नाही हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त आईला सांगा, वय झालं, आता चालवू नका. माझं ऐकत नाही, मेकॅनिकचं ऐकेल." बोलणं वाईट नव्हतं. घाबरलाय. रोज सकाळी आई निघाली की ती पोचल्याचा फोन येईपर्यंत कामात लक्ष लागत नाही म्हणाला.

मी: जे सापडेल ते सांगेन.

फोन ठेवल्यावर आप्पा, "आणि नाहीच सापडलं तर?"

मी पाना उचलला. पॅड, डिस्क, ऑइल, नळ्या, सगळं उघडून पाहिलं. सगळं साफ.

गुरु., ६

आज एक साधी गोष्ट सुचली. गाडी आम्ही आमच्या पद्धतीने चालवतोय. मेकॅनिक ब्रेक तपासतो म्हणजे दणका देतो. काकू तशा थांबतच नसणार. मागे माणसं बसलेली.

गाडी घेऊन पिंपळगावला गेले, चावी काकूंच्या हातात दिली, स्वतः बाजूला बसले. "रोज जाता तसं चला." मागे बायका बसल्या. खुडणी जोरात चालू आहे, रस्ताभर टेम्पो. काकू सुंदर चालवतात. खरंच. आरसा बघतात, लांबूनच वेग उतरवतात, खड्ड्यात गाडी अलगद सोडतात. मागच्या बायकांची मानही हलत नाही.

पॅकहाउसचा उतार. वेग माणूस चालतो तेवढा. ब्रेकवर हलका पाय. आणि खर्रर्र. गाडी हातभर पुढं सरकली, मग थांबली. मागून एकदम कल्ला. "बघा ताई! आलं का नाय?" "आमी सांगतोय तर कुणी खरंच धरंना!"

काकूंचा पाय ब्रेकवरच होता. मी बघत होते. पूर्ण वेळ ब्रेकवर.

लगेच एबीएसचा फ्यूज काढला, पुन्हा तोच उतार, तसाच पाय. गाडी शांतपणे उभी राहिली. पुन्हा पुन्हा केलं. फ्यूज काढला की दोष नाही, लावला की आहे.

काकूंनी विचारलं, हे एबीएस म्हणजे काय? सांगितलं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते सांगतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक जाम झालंय असं कळलं, तर गाडी घसरू नये म्हणून त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडला जातो. तुमच्या गाडीला कुठलं तरी चाक खोटं सांगतंय. जाम नसताना जाम म्हणतंय. म्हणून गाडीच तुमचा ब्रेक सोडते.

काकूंनी पाय ब्रेकवरून उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. मग, "म्हंजे माझा पाय नव्हता चुकला."

नाही काकू.

स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसल्या.  मी खाली उतरून उगाच टायर बघत राहिले.

शुक्र., ७

आप्पांशी वाजलं.

त्यांचं म्हणणं, फ्यूज काढूनच टाक, दिव्याची वायर तोड, काम झालं. "मी चाळीस वर्षं बिनएबीएसच्या गाड्या दुरुस्त केल्या. कुणी मेलं नाही."

मी म्हटलं, त्या बाईच्या मागे रोज बायका बसतात. हायवेवर ट्रक समोर आला, कांद्याची पात नाहीतर चिखल सांडलेला असला आणि चाकं जाम झाली तर? एक धोका काढून दुसरा बसवून द्यायचा का?

"सापडेपर्यंत किती दिवस गाडी अडवणार? सीझन आहे त्यांचा."

खरं आहे तेही. दिवसभर एकमेकांशी पान्यापुरतंच बोललो. जेवताना आईने विचारलं काय झालं, दोघंही "काही नाही."

शनि., ८

लाइव्ह डेटा लावला. टॅबवर चार रेघा, चार चाकांचा वेग. मी बाजूला, आप्पा चालवायला. (स्वतःहून बसले.) मी सांगत होते, "हळू. अजून हळू. काकूंसारखं."

वेगात चारही रेघा एकावर एक, जणू एकच रेघ. चालण्याच्या वेगाला आलो आणि डाव्या पुढच्या चाकाची रेघ खाली कोसळली, पुन्हा वर, पुन्हा कोसळली. बाकी तीन सरळ. कोड का येत नव्हता तेही कळलं. एवढ्या कमी वेगात ही गाडी कोड नोंदवतच नाही.

मी ओरडलेच. आप्पांनी दचकून ब्रेक दाबला, आणि खर्रर्र. दोघंही हसलो.

द्वारका चौकातल्या दुकानातून नवीन सेन्सर आणला, बसवला, उतारावर नेली.

तसंच. रेघ तशीच कोसळते.

 सेन्सरच असणार म्हणून निलेशला फोनसुद्धा करून बसले होते. घाई.

रवि., ९

सुट्टी. तरी गेले. आप्पा आधीच तिथे, गाडी जॅकवर, डावं चाक काढलेलं.

मीटर लावला. चाक ज्यावर बसतं तो हब हाताने फिरवायचा आणि सेन्सरचा सिग्नल बघायचा. उजवीकडे एकसारखा. डावीकडे प्रत्येक फेऱ्यात एकदा, एकाच जागी, उचकी लागल्यासारखा. एकाच जागी म्हणजे सेन्सरचा दोष नाही. सेन्सर ज्याच्याकडे बघतो त्या रिंगचा. एक्सलवर दात्यांची एक रिंग असते, तिचे दाते समोरून गेले की सेन्सर मोजतो.

टॉर्च मारून पाहिलं. गंज, ग्रीस, पण दाते सगळे जागेवर. एकही तुटलेला नाही.

आप्पांनी हात पुसले, डोळे मिटले आणि रिंगवर अंगठ्याचं नख टेकवून हब हळूहळू फिरवायला लागले. थांबले.

"शुभे, इकडं ये. इथं नख लाव."

लावलं. दोन दात्यांच्या मधल्या खोबणीत बारीकशी चीर. ग्रीस पुसलं, ब्रश मारला तेव्हा दिसली, केसाएवढी. पण तेवढीच रिंग फाकलेली, म्हणून त्या दोन दात्यांमधलं अंतर जास्त. वेगात फरक कळत नाही. हळू झालं की सेन्सरला वाटतं चाक थांबलं.

कडेला हातोड्याच्या खुणा. काकूंना फोन केला. हो, गेल्या वर्षी दुसरीकडे एक्सल बदलला होता. जुनी रिंग नव्या एक्सलवर ठोकून बसवलेली दिसते. तेव्हाच तडकली असेल, पावसाळ्यात गंज शिरला असेल.

आप्पा स्टुलावर बसले. "तुझ्या रेघेने चाक दाखवलं नसतं तर मी चारही चाकांशी नखं झिजवत बसलो असतो."

मी म्हटलं, आणि तुमच्या नखाशिवाय मी आणखी दोन सेन्सर विकत घेतले असते.

फ्यूजचा विषय दोघांनीही काढला नाही. आज मला माझ्या आप्पांचा आणि माझा, दोघांचाही अभिमान वाटतोय. लिहिताना लाज वाटत नाही.

सोम., १०

रिंग उद्या येईल. मान दुखतेय.

मंगळ., ११

रिंग आली. ठोकायची नाही. तापवायची, म्हणजे ती फुगते आणि अलगद बसते, थंड झाली की घट्ट. आप्पांनी तापवली, मी बसवली. एका दमात. हातोडा भिंतीवरच राहिला.

टॅबवर चार रेघा शून्यापर्यंत एकत्र उतरल्या. कितीदा तरी पाहिलं. शेवटी शेवटी गरज नव्हती, नुसतं बघायला छान वाटत होतं.

मग दुसरी परीक्षा: रिकाम्या कच्च्या रस्त्यावर वेगात जोरदार ब्रेक. एबीएस जिथे चालायला हवं तिथे चाललं. खर्रर्र, आणि गाडी सरळ रेषेत उभी.

आप्पा म्हणाले, ज्या गॅरेजने एक्सल बदलला त्यांना फोन कर. भांडायला नाही, सांगायला. आणखी कुणाच्या गाडीला असंच ठोकून बसवलं असेल. केला. तो माणूस आधी चिडला, मग त्याने विचारलं, चीर नेमकी कुठं होती? दोन गाड्या परत बोलावतो म्हणाला.

गुरु., १३

गाडी द्यायला आम्ही दोघं पिंपळगावला. निलेशही आलेला. त्याला टॅबवर आधीची आणि आताची रेघ दाखवली, तडकलेली रिंग दाखवली. शिकलेला मुलगा आहे, चटकन समजला. मग रिंग हातात धरून बसला.

काकू म्हणाल्या, "बस गाडीत." तो पुढे बसायला निघाला तर, "पुढं ताई बसतील. तू मागं. बायका बसतात तिथं."

उतार आला. काकूंनी पाय ठेवला. गाडी थांबली. एवढंच. पाणी वाटीत स्थिर व्हावं तशी.

मागून निलेशचा आवाज, "आई, मंदाला लागलं त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो तुला."

"बोललास."

"चुकलं."

काकूंनी गिअर टाकला. "उतर आता, माझ्या बायका वाट बघत्यात."

परत येताना आप्पा हायवेवर एकदम म्हणाले, "बाईने दोन ठिकाणी ऐकून घेतलं आणि तरी तिसरीकडं गाडी आणली. माझ्याच्याने झालं नसतं." मलाही दिवसभर तेच वाटत होतं. अभिमान वाटायला आपलंच माणूस लागतं असं नाही.

सोम., १७

काकूंचा फोन. मंदाला तुम्हीच समजावून सांगा ना, मी सांगितलं तर सबब वाटेल.

गेले. मंदाचं घर गावातच, एका गल्लीत. प्लास्टर निघालंय, काठी आहे. पस्तिशीची असेल. चहा ठेवायला उठत होती, काकूंनी बसवलं. मी सगळं सांगितलं, रिंगची चीर, खोटा सिग्नल. तिने नीट ऐकलं. मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर.

मग काकूंना म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं नाय हे मला तवाच ठाव व्हतं. त्याला मिशिन कशाला पायजे?"

काकूंनी डोळ्याला पदर लावला.

"पन काकू, गाडीचा आवाज आला ना, की पाय आपसूक मागं जातो. गल्लीत कुनाची पन गाडी असू द्या. पुढल्या हप्त्यात कामावर येनार हाय. येताना चालत येईन म्हनते."

पॅकहाउस लांब आहे, त्यात काठी. काकूंनी काठी तिच्या हाताशी सरकवून ठेवली.

बाहेर आल्यावर काकू मला विचारतात, "याला काय करायचं, ताई?"  म्हटलं, रोज तिच्या गल्लीत गाडी थांबवा. बसा म्हणू नका. नुसती थांबवा.

हे बरोबर सांगितलं का, माहीत नाही.

मंगळ., २५

सकाळी कामात असताना काकूंचा फोन. हळू आवाजात बोलत होत्या.

"ताई, मंदा आलीय. गाडीपाशी उभी हाय. दाराच्या कडीला हात लावलाय तिनं."

मग?

"मी काय बोलली नाय. इंजिन बंद केलंय. मागच्या समद्या पन गप बसल्यात."

मी पाना हातात धरून तशीच उभी. आप्पांनी खुणेने विचारलं काय झालं. मी बोट वर करून थांबा म्हटलं. फोनमध्ये दूर कुठंतरी ट्रॅक्टर गेला. कुणीतरी खोकलं.

"ताई," काकू म्हणाल्या, "ती मला कायतरी इचारतीय. ठेवते."