मामा, खांबामागेच बसा

तीर्थस्वरूप मामांस,

धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि मामांना ‘तीर्थस्वरूप’. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सोडलेलं नाही, हे मामींच्या कानावर घालावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी दाढ काढून घेतली, की दाताच्या डॉक्टरांना घाबरवणं अजून चालूच आहे? मी खुशाल आहे. पाट्या रंगवण्याच्या कामात हात बसला आहे. वासाने डोकं दुखतं, तेवढंच.

तुमचं पत्र पोचलं. आपल्या संघाचा फुटबॉलचा सामना इथल्या मैदानावर आहे, तुम्ही बस भरून माणसं आणणार आहात, आणि मी इथेच नोकरीला असल्यामुळे ‘परक्या मैदानावर आपल्या लोकांनी काय काळजी घ्यावी ते सविस्तर कळव’ असा तुमचा हुकूम आहे. मामा, सविस्तर सल्ला दोनच शब्दांत सांगतो : येऊ नका. (हे वाक्य खोडणार होतो, पण वडीलधाऱ्यांच्या पत्रात खाडाखोड शोभत नाही, म्हणून राहू दिलं.)

तरीही येणारच असाल, तर बस मैदानासमोर लावू नका, मागच्या गोदामांच्या गल्लीत लावा. लाल मफलर फाटकाच्या आत गेल्याशिवाय बाहेर काढू नका. वाट चुकलात तर ‘मैदान कुठे आहे’ असं कोणालाही विचारू नका. इथे ज्याला मैदान माहीत नाही तो एक तर तान्हं बाळ असतो, नाही तर आपला माणूस. त्यापेक्षा ‘हॉस्पिटल कुठे आहे’ असं विचारा. ते मैदानाला लागूनच आहे. (ही सोय कोणी आणि का केली, ते सामना संपल्यावर कळतं.) तुमचा पत्र्याचा डबा फाटकावरच काढून घेतील. रिकामा असेल तर बडवाल म्हणून, भरलेला असेल तर फेकाल म्हणून. सामना संपल्यावर पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत, आधी इथली माणसं घरी जातात, तेव्हा लघवीला आधीच जाऊन यावं. कोंडून ठेवलेल्या त्या वेळात गाणी म्हणू नयेत. जिंकलो असलो तर ते धोक्याचं आहे, आणि हरलो असलो तर चाल सुचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. पाहुण्यांच्या गॅलरीत अगदी वर, टोकाला एक जाडजूड खांब आहे. तुम्ही त्याच्यामागेच बसा. तिथे वारा लागत नाही, गुडघ्याला बरं पडेल. मैदान अर्धंच दिसतं, पण आपला बचाव पाहता तेवढं पुरे. समोरची गॅलरी तर मुळीच दिसत नाही, आणि मला तेच हवं आहे. मामा, एवढं ऐकलं नाहीत तर माझी नोकरी जाईल आणि आपल्या घरातही मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. का, ते ओघाने सांगतो.

मी कोणाच्या बाजूचा, हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. आमचे मालक इथल्या संघाचे, कट्टर निळे. दुकानाचं शटर निळं, स्कूटर निळी, लग्नातला सूटही निळाच होता म्हणतात. मागच्या हंगामात आपला संघ इथे आला, तेव्हा ते मला स्वतःसोबत त्यांच्या गॅलरीत घेऊन गेले. मी राखाडी सदरा घातला, तोंड शिवून घेतलं आणि आपला गोल झाला. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन गोलाला हात वर करायला शिकवलंत, ते अंगात इतकं भिनलं आहे की मी ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर. अख्खी गॅलरी खाली मान घालून बसलेली, आणि मध्ये मी एकटा, कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा. काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून पोटरी धरली आणि ओरडलो, “गोळा आला, गोळा!”

मागेच त्यांचा ढोलवाला बसला होता. (पंजे म्हणजे थेट फावडी.) “सरका, सरका, हवा येऊ द्या भावाला!” म्हणत त्याने माझा पाय असा रगडला की नव्हता तो गोळा खरोखर आला. मग म्हणाला, “दुसराही रगडून ठेवतो. आपल्या गोलकीपरचा काही भरवसा नाही.” मालकांचे डोळे पाणावले. “बघा रे,” ते आजूबाजूच्यांना म्हणाले, “गोल खातो आपण आणि गोळा येतो पोराच्या पायात. याला म्हणतात निष्ठा!”

माझ्या चांगल्या वागणुकीचं मला आजवर असं फळ मिळालं नव्हतं. आता ढोलवाला दुकानावरून जाताना रोज हाक मारतो, “काय भाऊ, पाय काय म्हणतो?” आणि याच निष्ठेपायी यंदा त्यांचा मोठा बॅनर रंगवायचं काम एकट्या माझ्यावर आलं. तीन मजली इमारतीएवढं कापड. संघ मैदानात उतरले की तुमच्या समोरच्या गॅलरीतून तो खाली सोडणार. त्यावर पाहुण्यांची टिंगल म्हणून एक चित्र आहे. कोणाचं, ते तितकंसं महत्त्वाचं नाही. मालक म्हणाले होते, “एक जाडा माणूस काढ, विषय संपला.” पण मामा, मला नुसता जाडा माणूस काढता येत नाही. कोणीतरी विशिष्टच जाडा काढावा लागतो.

असो. कापड उलटायची वेळ झाली. मामींना नमस्कार, धाकट्यांना पाठीत एकेक धपाटा.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : लपवून काय उपयोग? चित्र तुमचंच आहे. ढोलवाल्याने वर्णन सांगितलं, “तो नाही का, कठड्यावर चढून डबा बडवतो आणि पंचाच्या खानदानाची विचारपूस करतो.” मी दुसराच कोणीतरी काढायचं ठरवलं होतं. पण कठड्यावर चढलेला माणूस म्हटलं की हात आपोआप तुमच्यावरच जातो, त्या जागी मी जन्मात दुसरं कोणी पाहिलेलं नाही. हनुवटीवरचा तीळ आला, पोटावरचं तुटकं बटणही आलं. असले बारकावे घरच्यालाच ठाऊक असतात; तुम्ही तिथे दिसलात, की हा भाचा कोणाचा ते सगळ्या गॅलरीला कळेल. म्हणून पायांवर डोकं ठेवून विनंती : मिशी काढून या. मामी ओळखणार नाहीत, पण इलाज नाही.

पुन्हा ता. क. : आईला कळवू नका. तिच्या भावाला तीन मजले उंच टांगलं म्हणून ती मला चौथ्यावर टांगेल.

शेवटचं ता. क. : आत्ताच बॅनर मागच्या अंगणात पसरला आणि शिडीवर चढून सगळे बघत होतो. मालक आणखी दोन पायऱ्या वर चढले. मग म्हणाले, “अरे, हा तर घरातला माणूस वाटतो. याच्यावर ओरडायचं कसं?” ढोलवाला म्हणाला, “च्यायला, असा एक आपल्याकडे हवा होता.” मामा, मिशी काढू नका. तिच्या एकेका केसावर मी जीव टाकला आहे, आणि तुम्ही सफाचट आलात तर चित्र कोणाचं ते कोणाला कळणार? खांबामागेही बसू नका. पहिल्या रांगेत मधोमध कठड्यावर चढा, तिथून चित्र सगळं नजरेत मावतं. नोकरीचं पुढे बघू. नाक तेवढं माझं काम नव्हे. ते मालकांनी वाढवायला लावलं.