टेकडीने वाचवलेलं पाणी

४ मे

आणि परत त्याचाच फोटो! मागच्या पत्रकात होता, त्याच्या मागच्यात होता, आता हा तिसरा. बाईंना मी तोंडाने सांगितलं होतं, काम दोघं करतो तर दोघांचं छापा. पत्रक त्याच काढतात. म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. बाईंची पुढची वेळ काही उजाडत नाही.

चार पानं असतात. पहिल्या पानावर गावच्या बातम्या – वाचनालय उन्हाळाभर सकाळी सातलाच उघडणार, पोहायचा तलाव बंद, बागेत पिवळा कुत्रा सापडलाय, ज्याचा असेल त्याने न्यावा. शेवटच्या पानावर पाणी जपायच्या युक्त्या. आणि युक्त्यांच्या डोक्यावर प्रोफेसर! हातात कांडी, तोंडभर हसू. खाली लिहिलंय, ‘आपला जलमित्र’.

मग मी कोण? जलशत्रू?

ही पत्रकं वाटायची मात्र मीच. टेकडीवर नऊशे घरं. नऊशे वेळा त्याचं तोंड दाराच्या फटीतून आत सरकवायचं.

५ मे

प्रोफेसर हे नाव पाणीखात्यातल्या आमच्या साहेबांनी ठेवलं. बारावी झालाय म्हणून. मी चौथी. मीटरचे आकडे मी चालता चालता वाचतो, पण अक्षरं अडतात. कोणाचं हाताने लिहिलेलं असलं तर जास्तच.

एकाच खोलीत राहतो आम्ही. दोन खाटा, एक खिडकी. खिडकी त्याच्या बाजूला. असायचीच!

आणि ऐट किती! हाक मारली तर ओ देत नाही. तिसऱ्या हाकेला मान वळवून विचारतो, काय म्हणालास? जसा काही मी त्याच्याकडे अर्ज घेऊन आलोय.

७ मे

साहेबांनी दोघांना टेबलासमोर उभं केलं. पाणीखात्यात एक जागा कायम होणार आहे. एकच. गाव आम्हा दोघांत वाटलेलंच आहे – टेकडी माझी, खालचा सखल भाग त्याचा. मागच्या उन्हाळ्यापेक्षा ज्याच्या बाजूचा वापर जास्त उतरेल तो कायम. १५ जूनला निकाल. पत्रकात पहिल्या पानावर.

कायम झालं की खात्याच्या दोन खोल्या मिळतात. म्हणजे आई! आई मामाकडे असते. स्वयंपाकघरात झोपते. मामी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवावं लागतं तिला. दोन खोल्या झाल्या की सांगेन, दुपारी बारापर्यंत लोळ, कोण विचारतंय बघू.

प्रोफेसरला कशाला हवी जागा? ना आई ना बाप, सडाफटिंग. खिडकी आहे की त्याच्याकडे.

१० मे

आईचा फोन. मी स्पर्धेचं सांगणार तोच म्हणाली, तुझा तो मित्र कसा आहे रे? परवा तू आंघोळीला गेला होतास तेव्हा त्याने उचलला. किती गोड पोरगा, प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा विचारून घेतो. हल्ली कोण एवढं लक्ष देऊन ऐकतं?

माझी आई! माझ्या फोनवर!

जेवलो नाही. तो म्हणाला पोट बिघडलं का. म्हटलं हो, तुझ्यामुळे. त्याला ऐकू गेलं नाही, की न गेल्यासारखं केलं.

१२ मे

युक्त्या पाठ करून टाकल्या. दात घासताना नळ बंद, तांब्यात पाणी घ्या. झाडांना ऊन चढायच्या आत घाला, दुपारी घातलेलं सूर्य पितो. गाडी नळीने धुऊ नका, बादली आणि फडकं. संडासाच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवा, दर वेळी तेवढं पाणी वाचतं.

टेकडीवर दारोदार म्हणून दाखवतो. एक आजोबा म्हणाले, बाटली ठेवली, पण रिकामी करताना जीवावर आलं. हसलो. आवडतात मला टेकडीची माणसं. अगदी वर, शेवटच्या घरात शिंपीणकाकू आहेत. मशीनवर पाय चालू ठेवूनच बोलतात. ‘तू वाचून दाखवतोस म्हणून ऐकते हो मी. तो फोटोतला कधी वर आला नाही.’

दिवस चांगला गेला.

१५ मे

सुट्टी होती. झोप येईना. पहाटे पाचला उठलो आणि त्याच्या भागात गेलो. का गेलो ते या वहीला खोटं कशाला सांगू – त्याची चूक शोधायला गेलो.

आमची कांडी म्हणजे छातीपर्यंत लोखंडी गज, वर पितळी वाटी. खालचं टोक जमिनीतल्या नळाच्या झाकणावर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा. गावाने नळ सोडायच्या आत ऐकायचं. नळ बरा असला तर काही नाही, कुठे फुटला असला तर जमीन बोलते.

सात ठिकाणी काही नाही. दवाखान्यामागच्या गल्लीत आठवं. कान लावला आणि – स्स्स्स! साप बसल्यासारखा! मोठा नळ, मोठी गळती. वर थेंब नाही, सगळं शेजारच्या गटारात उतरतंय.

आणि याच गल्लीपुढे खात्याच्या वहीत सोमवारी प्रोफेसरने लिहिलंय, ‘ठीक’.

नाचावंसं वाटलं. जलमित्र म्हणे!

१६ मे

साहेबांना सांगणार होतो. दारापर्यंत गेलो. आत प्रोफेसर चहा पीत बसलेला, साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर. मला कधी खुर्ची दिली नाही त्यांनी.

परत फिरलो. आत्ता सांगितलं तर म्हणतील, बरं, दुरुस्त करू. तेवढंच. १५ जूनला सांगेन, सगळ्यांसमोर. दात काढलेल्या फोटोखाली बाईंनी तेही छापावं!

गळतंय ते काही माझ्या भागात गळत नाही.

२२ मे

पत्रकाखाली आता एक चिठ्ठी असते, कापून द्यायची – ‘तुमची युक्ती आम्हाला कळवा’. टेकडीच्या लोकांनी भराभर भरून दिल्या. साठ-सत्तर असतील. मी बाईंकडे देत नाही. माझ्या टेकडीच्या युक्त्या आणि वर त्याचा फोटो? पिशवीच्या तळाशी ठेवल्यात. वाचल्या नाहीत. बारीक बारीक अक्षर आहे लोकांचं.

३१ मे

मीटर वाचले. पहिल्यांदा वाटलं चुकलो. परत वाचले. टेकडीचा वापर मागच्या वर्षापेक्षा चौथा हिस्सा कमी! वरच्या ओळीत तर निम्म्यावर! प्रोफेसरचा रुपयात दोन पैसेही उतरला नाही.

माझ्या पाठांतराने झालं हे. चौथीवाल्याच्या!

साहेबांनी खुर्ची दिली.

१ जून

फोटो काढला माझा. शर्ट प्रोफेसरचा घातला, निळा. त्यानेच काढून दिला, इस्त्री केलेला. म्हणाला, ‘तुला शोभतो.’ मला राग आला. हरला तर हरल्यासारखं वागावं ना माणसाने! चिडावं, आदळआपट करावी. माझं जळणं तरी फुकट जाऊ देऊ नये.

४ जून

पत्रक आलं. पहिलं पान, मी. ‘टेकडीने वाचवलं पाणी!’ नऊशे घरांत माझंच तोंड सरकवत गेलो. बाटलीवाल्या आजोबांनी दार उघडून पत्रक घेतलं आणि दार लावलं.

शेवटचं घर. काकूंचं मशीन बंद होतं. ओट्यावर सहा बादल्या, सगळ्या कोरड्या. फोटो बघितला, मग मला बघितलं.

‘वाचवलं नाही रे बाबा. आलंच नाही.’

पंधरा दिवस झाले म्हणाल्या. वरच्या ओळीत पहाटे अर्धा तास करंगळीएवढी धार. खालच्या विहिरीवरून बादल्या आणतात. सुजलेले गुडघे दाखवले. खात्यात फोन केला तर म्हणतात, उन्हाळा आहे, जपून वापरा.

‘आणि तुझ्याच हातात चिठ्ठी दिली ना मी? दोनदा दिली.’

४ जून, संध्याकाळ

पिशवी खाटेवर उलटी केली. एकेक अक्षर लावत वाचलं. एकही युक्ती नाही.

पाणी येत नाही.
वरच्या ओळीत पाणी नाही, घरात तान्हं मूल आहे.
मीटरवाल्या दादा, साहेबांना सांगा.
पाणी नाही.

टेकडीला पाणी चढतं ते खालच्या मोठ्या नळातून. दवाखान्यामागून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज त्याच्यावरून चालतो. नळ एकच आहे. भाग आम्ही पाडले.

५ जून

प्रोफेसरवर ओरडलो. आधी त्याच्यावरच! म्हटलं, दवाखान्यामागे एवढा मोठा साप फुसफुसतोय, तुला ऐकू कसा नाही आला? बहिरा आहेस का?

तो खाटेवर बसला. उजवी बाजू माझ्याकडे करून बसला, नेहमी बसतो तसा.

‘डावा केव्हाचाच गेलाय. उजवा गेल्या हिवाळ्यापासून जातोय. कांडीचं मला आता काहीच ऐकू येत नाही. अंदाजाने ठीक लिहितो.’

मी समोरच्या खाटेवर बसलो.

‘साहेबांना कळलं तर उद्या घरी. आणि घर नाही मला.’

म्हणून तीन हाका. म्हणून आईला दोनदा विचारणं. म्हणून खिडकीकडे खाट – तिकडे उजवा कान दाराकडे येतो. मी चार महिने त्याला ऐट समजून जळत होतो.

त्याने एवढंच विचारलं, तुला कधी कळलं गळतीचं? म्हटलं, पंधरा मेला. मोजलं असेल त्याने मनात. बारावी झालाय.

६ जून

सकाळीच साहेबांकडे. उभाच राहिलो.

गळती सांगितली. तारीख सांगितली. चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले, पण वहीत ‘ठीक’ लिहिलंय, तो भाग प्रोफेसरचा. म्हटलं, त्या सोमवारी आम्ही भाग बदलले होते. त्याच्या जागी मी ऐकलं, आणि मी सांगितलं म्हणून त्याने लिहिलं. कांडी नीट लावली नव्हती.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरं वाटलं की नाही, कोण जाणे. विचारलं, ‘आणि वीस दिवस गप्प का?’

म्हटलं, जळत होतो.



७ जून

दवाखान्यामागे खोदलं. नळाला हाताच्या लांबीची चीर होती. खोदणाऱ्यांत मीही होतो – मला आजपासून खोदकामावर टाकलंय. कांडी काढून घेतली. दुपारी टेकडीवर गेलो. काकूंच्या नळाला पाणी होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, मशीन चालवत राहिल्या. बादल्या भरलेल्या होत्या, सहाही.

१२ जून

प्रोफेसर साहेबांशी आत अर्धा तास. बाहेर येऊन म्हणाला, कानाचं सांगून टाकलं. म्हटलं, गाढवा, मग मी कशाला खोटं बोललो? म्हणाला, ‘त्याच्यासाठीच सांगावं लागलं.’

साहेब म्हणाले म्हणे, मीटरला डोळे लागतात, आणि हिशेबाच्या टेबलाला अक्षर. कान लागणारं काम दुसऱ्याला देऊ.

१५ जून

पत्रक. कायम, प्रोफेसर. परत त्याचाच फोटो! कुत्र्याचा मालक सापडला तेही पहिल्या पानावर आहे. माझं कुठेच काही नाही.

खड्ड्यात उभा राहून वाचलं. जळलो. खोटं कशाला लिहू.

१६ जून

प्रोफेसर म्हणतो, दोन खोल्या घेऊन मी एकटा काय करू, तू ये आणि आईला बोलव, एक खोली तिची. म्हणजे आता आई राहणार त्याच्या घरात, पहिला घास वाढणार त्याला, आणि तो दोन-दोनदा विचारणार! आईला फोन केला. आधी म्हणाली, त्या पोराला काय आवडतं खायला?

अंथरूण गुंडाळू नकोस म्हटलं, तसंच बांधून आण. तिकिटापुरते पैसे पाठवतोय, यायचेच, जायचे नाहीत – सातशे ऐंशी.