अंधारकेतू मेला तेव्हा लाईट होती का?

बाळ्या,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तुला प्रिय म्हणायला अख्खं मंडळ आहे, त्यात माझी भर कशाला?

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मेलेल्या माणसाशी वाईट बोलू नये, असं मात्र कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून चार लोकांत न बोलता थेट तुलाच लिहितोय. आणि आजच लिहितोय, कारण काल दुपारी केजच्या माझ्या रिपेरिंगच्या दुकानात तुझी कॅसेट चालू झाली. हो, तीच! अग्निकवचच्या व्हिडिओ गेमची. जी तू पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवलीस आणि ‘कायमची गेली’ म्हणून सगळ्यांना सांगत फिरलास.

गेली नव्हती बे. तूच तिची माती केली होतीस. प्रत्येक वेळी लावायच्या आधी तोंडात धरल्यासारखी फुंकायचास ना? तुझी थुंकी बसून बसून तिच्या तांब्याच्या दातांवर हिरवा थर चढला होता. खोडरबरानं घासलं, स्पिरिटनं पुसलं, सोल्डरचा एक टाका सुटला होता तो मारला. एवढंच काम होतं. आयुष्यभराचं भांडण आणि काम एका दुपारचं!

तेलगावात तुमच्या गल्लीत टीव्ही एकच, तुझ्या घरी. तुझे वडील कारखान्यात नोकरीला. त्यामुळं रविवारी सकाळी ‘अग्निकवच’ मालिका बघायला आम्ही पोरं तुमच्या ओसरीत चपला काढून, हातपाय धुऊन, आतल्या खोलीत रांगेत बसायचो. मालिका संपली की अंगणात खेळ. त्यात अग्निकवच कोण? तू. टीव्ही तुझा ना! आणि आम्ही सगळे त्याच्या वैऱ्याचे, अंधारकेतूचे शिपाई. मला तर तू नेहमी आधी मारायचास. एकदा मी म्हटलं, ‘आज मी होतो अग्निकवच,’ तर तू काय म्हणालास? ‘तुझं डोकं लहान हाय, टोप बसायचा न्हाई.’ माझं डोकं लहान? नंतर कुणाचं डोकं चाललं, ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. ट्रांझिस्टरपासून इन्व्हर्टरपर्यंत जे शिकलो ते खोलून, शॉक खाऊन, स्वतः शिकलो.

अग्निकवचनं मालिकेत कधी टोप काढलाच नाही. आत कोण आहे, हे शेवटच्या भागात कळणार होतं. आणि मालिका मध्येच बंद पडली. त्या पडलेल्या भगदाडात आपण सगळे आजपर्यंत अडकून राहिलो, असं मला कधीकधी वाटतं. पन्नाशीला आलेली माणसं, पोट सुटलेली, छातीवर लाल ज्वाळा छापलेले टी-शर्ट घालून दरवर्षी मंडळाच्या मेळाव्यासाठी केजला हॉल घेतात, शीर्षकगीत लागलं की डोळे पुसतात. पण अग्निकवचच्या पट्ट्यावर दिवे किती होते, विचार त्यांना! कुणी सात सांगतं, कुणी तीन. पाच होते. मधला बिघडलेला होता, तो लागायचाच नाही. इतकं प्रेम, आणि कुणी नीट बघितलंसुद्धा नाही!

आणि तू त्या मंडळाचा अध्यक्ष. मोटरसायकलच्या हेल्मेटला लाल ऑईलपेंट मारून डोक्यावर घ्यायचास आणि माईक हातात. मग तीच गोष्ट. ‘त्या दिवशी मी अंधारकेतूला मारला!’

त्या दिवसाची गोष्ट मी सांगू? खरी?

तुझ्या मामानं औरंगाबादहून व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेटवर अग्निकवचचं चित्र चिकटवलेलं. मूळ गेम परदेशी, कुणीतरी त्यात आपला हिरो कोंबलेला, हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण त्याचा टोप लालऐवजी जांभळा होता. आठवडी बाजाराचा दिवस. पोरं बाजारात. घरात तू आणि मी. तू शेवटच्या टप्प्यावर पोचलास, आणि टीव्ही लुकलुकायला लागला. तुमच्या मीटरखालचा फ्यूज ढिला होता. दाबून धरला की लाईट टिकायची, सोडला की गेली.

‘सुभ्या, पळ! धर जा त्याला!’ तू ओरडलास.

मी ओसरीवर पळालो. सरपणातली एक तुराटी, तुरीची वाळकी काटकी, उचलली, फ्यूजवर दाबली आणि उभा राहिलो. टीव्ही आतल्या खोलीत. मला भिंत दिसत होती, बाळ्या. पोपडे आलेली, चुन्याची भिंत! आत अग्निकवच लढत होता आणि मी भिंत बघत होतो. तू तेवढा ओरडून सांगत होतास, ‘आता डावीकडं! खाली बस, खाली बस! पाठ फिरवली त्यानं, मार उडी!’ आणि मग, ‘मेला! सुभ्या, मेला बे!’

मी आत आलो तेव्हा पडदा काळा. लाईट गेलेली.

तेव्हापासून तू म्हणतोस, आधी अंधारकेतू मेला, अग्निकवचनं टोप काढला, आत पांढऱ्या मिशांचा म्हातारा निघाला, आणि मग सुभ्यानं तुराटी सोडली म्हणून लाईट गेली. आणि मी म्हणतो, मी तुराटी सोडलीच नव्हती. लाईट खांबावरून गेली, आणि तू काही मारायच्या आधीच गेली. पडदा काळा झाला आणि तू ‘मेला’ म्हणून बोंब ठोकलीस.

म्हातारा म्हणे! भिंतींवरून उड्या मारणारा अग्निकवच म्हातारा? बाजारातून आलेल्या पोरांनाही हसू आवरलं नव्हतं.

बरं, गोष्ट जशीच्या तशी तरी ठेवायचीस! पहिल्या मेळाव्यात नुसता म्हातारा होता. दुसऱ्यात संगीत वाजायला लागलं. मग आतषबाजी झाली. मग पडद्यावर अक्षरं आली, तीही देवनागरीत! आणि जसजशी आतषबाजी वाढली तसतशी तुराटी बारीक होत गेली. शेवटी तर गायबच. कुणीतरी विचारलं, ‘तेव्हा सुभाषराव कुठं होते?’ तर तू माईकवर म्हणालास, ‘हुता की बाहेर कुठंतरी.’

बाहेर कुठंतरी!

मी दरवर्षी उठून उभा राहायचो. ‘त्या यंत्रात देवनागरी अक्षरं येऊच शकत न्हाईत.’ लोक हसायचे. मागच्या मेळाव्यात तू काय म्हणालास आठवतं? ‘सुभ्या, तू जन्मभर यंत्राच्या मागच्या बाजूला बसलास. पुढून काय दिसतंय, ते तुला काय कळणार?’ सगळा हॉल खदाखदा हसला. मी चहा तसाच ठेवून निघालो. जिन्यापर्यंत मागं येऊन म्हणालास, ‘बरं, दिवाळीला घेऊन येतो कॅसेट. कर चालू. तुझ्यासमोर परत मारून दाखवतो.’

आणि दिवाळीच्या आधी मेलास. गेवराईच्या रस्त्यावर, जीपमध्ये बसल्याबसल्या. याला काय म्हणायचं? मैदान सोडून पळणं म्हणतात याला!

तुझ्या दहाव्याला मी आलो होतो. माहीत असेलच तुला, कारण त्या बाभळीवर जे बसलं होतं ते तूच होतास म्हणे. नदीवर पिंड मांडला, सगळे मागं सरले. कावळा हलेना. तुझ्या भावानं हात जोडले, ‘आईला अंतर देणार न्हाई.’ कावळा तसाच. ‘पोरीचं शिक्षण पुरं करू.’ तसाच. ऊन चढायला लागलं. तेवढ्यात तुमच्या मंडळाचे सचिव, ते पवार मास्तर, माझ्याजवळ आले. टी-शर्ट तोच, ज्वाळांचा. स्मशानाच्या वाटेवरसुद्धा!

‘सुभाषराव, ह्यांचा जीव गेममधी अडकलाय. तुमी एकदा म्हणा, बाळासाहेब जिंकले म्हणून. एका वाक्यात भागतंय.’

मी म्हणालो, ‘पुरावा न्हाई.’

सगळे वळून बघायला लागले. वहिनी पुढं आल्या. ‘भावजी, मेलेल्या माणसाला पुरावा मागता व्हय?’

‘जित्या माणसालाच मागत होतो, वहिनी. त्यानं दिला न्हाई.’

‘आरं, खोटं तर खोटं, बोल की बे!’ मागून तुझा चुलता ओरडला. ‘ऊन लई झालंय!’

मला सांग बाळ्या, देवापुढं माणूस खोटं बोलतो, कोर्टात बोलतो. आता कावळ्यापुढंही बोलायचं? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ‘तपासून सांगतो,’ एवढंच बाहेर आलं. कावळा उडाला आणि नदीपलीकडं जाऊन बसला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाही. पवार मास्तरांनी तेवढं ऐकवलं, ‘तुमच्यामुळं त्यांचा आत्मा लटकला.’ तेलगावात आजही हेच बोलतात. एसटीत माझ्या शेजारी बसलेला माणूस मला ओळखून म्हणाला, ‘ते कावळ्याला तपासून सांगतो म्हणलेले तुमीच का?’

त्यानंतर एकदा वहिनी दुकानात आल्या. एकट्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

‘घ्या. त्यांनी दिली न्हाई, मी देते. खोटे निघाले तर मंडळाला सांगा. खरे निघाले तर मला सांगा.’

पाणीही न पिता गेल्या. मी त्या डब्याकडं बघत बसलो. तू खोटा निघावास असं मला वाटत होतं. लई वाटत होतं. खोटा निघालास तर निदान त्या नदीवर मी बरोबर होतो!

काल कॅसेट चालू झाली. खेळायला बसलो. आमची ही आतून डोकावून म्हणाली, ‘गिऱ्हाईकाचा कूलर उघडा पडलाय, आन् तुमी काय खेळताय? केस पांढरे झाले की वो!’ मी शटर अर्धं खाली ओढलं. सारखा मरत होतो. आधीचे टप्पे कसेबसे पार केले, पण शेवटच्या टप्प्यात अंधारकेतू जवळच येऊ देईना. हिरवा, चौकोनी, दातांच्या जागी नुसती रेघ. इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडलो, त्या गेममधल्या अंधारकेतूला मी काल पहिल्यांदा बघितला.

आणि मग मला ऐकू आलं. ‘आता डावीकडं.’ मी डावीकडं झालो. ‘खाली बस, खाली बस.’ बसलो. त्याचा वार डोक्यावरून गेला. ‘पाठ फिरवली त्यानं, मार उडी!’

मारली.

तुझी ती बडबड भिंतीपलीकडून ऐकलेली, जशीच्या तशी पाठ होती मला. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

अंधारकेतू मेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अग्निकवच पडद्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि टोप काढला.

म्हातारा आहे बे. पांढऱ्या मिशा. चौकोनी ठिपक्यांच्या, पण मिशाच.

संगीत वाजत नाही. आतषबाजी नाही. अक्षरं तर नाहीतच, कुठल्याच लिपीत. म्हातारा जरासा उभा राहतो आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. बस!

मग कावून रे? कावून वाढवून सांगितलंस? नुसता म्हातारा सांगत राहिला असतास, त्यात संगीत घातलं नसतंस, तर कधीतरी मी विश्वास ठेवला असता. एक खरी गोष्ट होती तुझ्याकडं, आणि तिच्यावर तू इतकं खोटं चढवलंस की ती तुझ्या थुंकीनं बुजलेल्या कॅसेटसारखी झाली! आणि डब्यात पुरावा असून मला दिला नाहीस. भीती वाटत होती? का मी उठून उभा राहिल्याशिवाय तुझी गोष्ट रंगतच नव्हती? दिवाळीला आला असतास तर विचारलं असतं. आता हे कुणाला विचारू? त्या घरात आपण दोघंच होतो.

माफी मागणार नाही. पुरावा नव्हता, तोवर मी म्हणत होतो तेच बरोबर होतं. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घे. अंधारकेतू मेल्यावर म्हातारा लगेच येत नाही, जरा वेळ लागतो. तुला तो दिसला, म्हणजे तेवढा वेळ लाईट होती. म्हणजे तू ‘मेला’ म्हणून ओरडलास तेव्हा मी जागचा हललो नव्हतो. तू जिंकलास याचा जो पुरावा आहे, तोच माझ्या तुराटीचा पुरावा आहे. एक मान्य केलंस तर दुसरं मान्य करावंच लागेल तुला. आता कर!

उद्या तेलगावला जातो. आधी वहिनींना सांगतो, तसा शब्द त्यांनी घेतलाय. मेळाव्यात माईक मागून घेईन आणि सांगेन, संगीत नव्हतं हेही सांगेन, पवार मास्तरांना आवडो न आवडो. आणि वर्षश्राद्धाला नदीवर येईन. तू ये त्या बाभळीवर. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणेन, बाळ्या जिंकला. वचन देतो. पण वाक्य तिथंच संपणार नाही. त्याच दमात पुढचंही म्हणेन, तुराटी सुभाषनं धरली होती. पुरतं ऐकून घ्यायचं, आणि मगच पिंडाला शिवायचं. अर्ध्या वाक्यावर उतरलास तर हाकलीन!

तुझा,
सुभ्या
(‘तुझा’ खोडत नाही. असू दे.)