एकेचाळीस नावांची जागा

मेहकर, ५ नोव्हेंबर १९९०
यंत्राच्या पोटात नावं राहतात कशी? एसटीत बसवताना बाबांनी विचारलं, आणि घरातली ही पहिली पदवीधर म्हणाली, पत्रात लिहिते! दवाखान्यातली कॉम्प्युटरची खोली छान आहे. खिडकीशी युनिक्सचा सर्व्हर, त्यावर क्रोशाचं झाकण. तालुक्यातल्या लहान मुलांची यादी आता माझ्याकडे. १९ तारखेला जानेफळला गोवराची लस. यादी छापली तरच चिठ्ठ्या जातील. एकही मूल सुटू द्यायचं नाही.

६ नोव्हेंबर
आणखी एक यादी सापडली. उकंडा, कडूबा, दगडी... एकेचाळीस. आधीची भावंडं गेली म्हणून उकिरड्यावर ठेवून उचललेली मुलं. मरणाला नकोशी वाटावीत म्हणून अशी नावं. राग आला. लसीच्या कार्डांवर दोन्ही नावं आहेत; त्यातली चांगली मुख्य यादीत घातली आणि ही यादी पुसून टाकली. नर्स अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "काऊन पुसली वं बाई? लेकरं झाकून ठेवली होती त्यात."

९ नोव्हेंबर
डिस्क भरली, यादी छापेना! ऐंशी एमबीची डिस्क, फायलींची बेरीज पंचेचाळीस. कागदावर तीनदा केली. पस्तीस गेले कुठे? नागपूरचे इंजिनिअर भगवानराव फोनवर हसले: बी.एस्सी.ला बेरीज असते ना, मॅडम? फोन आपटला.

१२ नोव्हेंबर
उलगडलं. फाइल पुसली, तरी ती उघडून बसलेला प्रोग्रॅम चालू असेपर्यंत जागा सुटत नाही. असा एक प्रोग्रॅम चालू आहे. कुणी सुरू केला ते दिसत नाही. थांबवला. जागा सुटली. चहा संपेपर्यंत पुन्हा चालू. नवी फाइल, तीही नाव नसलेली. सात वेळा थांबवला. सात वेळा!

१४ नोव्हेंबर
तो काय लिहितो ते डिस्क थेट वाचून पाहिलं. एकच ओळ, हजारो वेळा. सुनयना, जानेफळ. सुनयना, जानेफळ. पुसलेल्या यादीत ती दगडी होती.

१५ नोव्हेंबर
अन्नपूर्णाबाई जानेफळहून आल्या. सुनयनाला ताप आहे. योगायोग. असतो योगायोग —

१६ नोव्हेंबर
सुनयना गेली.
डिस्कवर आता इंद्रभान, जानेफळ. तो पुसलेल्या यादीत उकंडा होता. त्यालाही ताप आहे.
मी पुसलं. मीच —

१७ नोव्हेंबर
चाळीस जणांना जुनी नावं परत दिली. यादी छापून पाठवली. प्रोग्रॅम थांबत नाही. आता नुसत्या रिकाम्या ओळी लिहितो. शोधतो आहे —

आईची दोन मुलं गेल्यावर मी झाले. घरात मी धोंडी. कॉलेजच्या फॉर्मवर माझं मीच वसुंधरा केलं. दुपारी यादीच्या शेवटी माझं तेवढं एक चांगलं नाव घातलं.

जानेफळहून फोन. अन्नपूर्णाबाई रडत होत्या, उकंडाचा ताप उतरला म्हणून.

नाव घातलं आहे. पुसणार नाही. गाव लिहिलं नव्हतं, तरी पडद्यावर वसुंधरा, आणि पुढे माझं गाव बरोबर —