चालेल की

मिरज, ७ जानेवारी २०२५

ती. वैजयंतीताईस, सा. न.

पत्राला तीन महिने उशीर झाला. पाकीट दिवाळीतच आणलं होतं, पण त्याच्यावर कुणाकुणाचे फोननंबर लिहून संपवलं. फोनवर तुझा आवाज आला की मी सगळं बरं आहे म्हणून मोकळा होतो. कागदावर तसं जमत नाही, म्हणून हे.

मामांचं गाणारं घड्याळ पुण्याला दुरुस्तीला नाही. ते इथं उदयसिंहांच्या कपाटात आहे. हे जुनी खिशातली घड्याळं जमवतात. मामांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आले होते. चाप दाबला की गाणं वाजतं, तबकडीवरची इवलीशी बाई वीणेसारखं काहीतरी छेडते आणि बाप्या घंटेवर हातोडी मारतो, ते बघून उठायलाच तयार नव्हते. एवढं मिळवून दे, तुला गावोगाव घड्याळं शोधायला बरोबर नेतो, म्हणाले. मला हिंडायला मिळालं की झालं, तुला माहीतच आहे.

मी मामांना विचारलं होतं गं. घड्याळ उदयसिंहांना दिलं तर चालेल का, असं. मामा डोळ्याला भिंग लावून बसलेले. म्हणाले, "चालेल की. लई वर्षं चालेल." त्यांना कमी ऐकू येतं, कानावर गेलं ते घड्याळ चालेल का एवढंच. हे मला तिथंच कळलं होतं. पुन्हा मोठ्यानं विचारलं नाही. वर निघताना, बाहुलीचा हात अडकतोय, पुण्याला दाखवून आणतो, असं सांगून आलो.

हिंडणं कसलं, इथं काचा पुसतो. मागच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले असतात, ते बघत तासभर जातो. एक तर अगदी आपल्या गुरुजींच्या डोक्यासारखा आहे. असो. मामांना काय सांगू?

रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा अमृत

शुक्रवार पेठ, सोलापूर, १४ जानेवारी

चि. अमृतला आशीर्वाद.

तिळगूळ पाठवत नाही. तुझ्याशी गोड बोलायला मला अजून आठ दिवस लागतील.

मामा रोज विचारतात, पुण्याहून निरोप आला का. येईल, म्हणते. मी आधीही तेच म्हणायचे, पण आता त्यांच्याकडं बघून म्हणवत नाही.

तू संध्याकाळी कधी दुकानात थांबलास? रंभामामी गेल्यापासून दुकान बंद करताना मामा ते घड्याळ गालाच्या हाडाला लावून चाप दाबायचे. कान गेले तरी सूर हाडातून येतो म्हणे. आता नुसती मूठ गालाला लावून बसतात.

आणि शहाण्या, चावी इथंच आहे. चावी द्यायचा आतला चौकोन झिजला म्हणून मामांनी कानशीनं घासून बसवलेली, दुसरी लागायचीच नाही. त्यांच्या करगोट्याला असते. म्हणजे तुझ्या साहेबांकडं मुकं घड्याळ आहे. मागून घे आणि ये. तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलंय.

जेवणाची आबाळ करू नकोस.

ताई

मिरज, २२ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

उदयसिंहांना सगळं खरं सांगितलं. पेटीभर चाव्या लावून बघितल्यात त्यांनी, एकही बसली नाही. तरी परत देत नाहीत. मामा चालेल म्हणाले होते ना, हे माझंच बोलणं त्यांनी मला ऐकवलं. मी पाया पडलो, तर चहा मागवला. आता कुठल्या तोंडानं येऊ?

पाकीट चिकटवणार तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. ताई, मामा आलेत. सोलापूरशेजारच्या कुंभारीच्या पुढं एकटा कधी न गेलेला माणूस, हातात सांगोल्याच्या डाळिंबांची पिशवी. माझं पत्र तू वाचून दाखवलंस, की डब्याखाली त्यांनाच सापडलं? मी वाकलो, तर मला बाजूला सारून त्यांनी उदयसिंहांपुढं हात केला. तळव्यावर चावी, करगोट्याचा तुटका दोरा तसाच.

"ही राहिली होती," म्हणाले. "हिच्याबिगर चालायचं नाही."

माझ्याकडं अजून बघितलेलं नाही. पत्र इथंच सोडतो. तेव्हा पुन्हा विचारलं नाही ते आता त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारायचंय.