दोन्ही पाय सारखे

प्रिय ताई,

आधी ही पँट घालून बघ, मग पुढचं वाच. डावा पाय पोटरीवर अडकेल. मुद्दाम तशी ठेवली आहे.

परवा तू पोटाला सैल पँट शिवायला टाकलीस, तेव्हा बाबांनी डाव्या पोटरीला टेप दुसऱ्यांदा गुंडाळला. विसरभोळे झालात म्हणून तू त्यांना चिडवलंस. ते विसरले नव्हते. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली दोन बोटं जास्त भरली होती. तू गेल्यावर आई म्हणाली, डावा पाय सैल कापा, तिला कळणारही नाही. आणि त्यांनी तसा कापला. मी इस्त्रीपाशीच उभी होते. ज्यांच्या टेपवर मी आकडे शिकले, एक टाका चुकला तर सगळं उसवायला लावणारे हे आपले बाबा.

गेल्या वर्षी माझा पाय मुरगळला असं आईने तुला कळवलं. मुरगळला नव्हता, माझीही पोटरी अशीच सुजली होती, आत रक्ताची गुठळी झाली होती. जनुकांच्या तपासणीत कळलं की माझं रक्त जन्मतःच लवकर गोठतं. हे घराण्यातून येतं, बहिणीलाही असू शकतं, गरोदरपणात धोका वाढतो, असं डॉक्टरीणबाईंनी आईलाही सांगितलं. ताईला मीच सांगते, असं तिने मला वचन दिलं होतं. काल विचारलं, तर म्हणाली, "सासरचे म्हणतील, खोट लपवून मुलगी गळ्यात मारली." वर सुचवलं की रक्त पातळ करायच्या माझ्याच गोळ्या तुला गुपचूप दुधातून द्याव्यात. त्या माझ्या रक्ताला बेतलेल्या गोळ्या, ताई. तुझ्या बाळाला घातक. दुकानात एकाचा सदरा चुकूनही दुसऱ्याला न देणारी बाई एवढं बोलून शांतपणे जेवायला बसली. मला तिच्या ताटाकडे बघवेना, इतकी शिसारी आली.

म्हणून सकाळी पँट उसवली आणि दोन्ही पाय उजव्याच्या मापाने सारखे शिवले.

तोंडाने सांगायला गेले की मी रडते आणि तू हसण्यावारी नेतेस, म्हणून हे लिहिलं. पाय चोळू नकोस, गुठळी असली तर सरकेल. डॉक्टरीणबाईंशी बोलले आहे. तुझं रक्त, तुझं वजन बघून त्या तुझ्यापुरतं इंजेक्शन ठरवतील. तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते. मी तुझ्या दाराबाहेर उभी आहे, खाली गाडी थांबवली आहे. पँट अडकली असेल तर जुनी चढव आणि ये. नसेल अडकली, तरी ये.

तुझीच,
टाचणी